घरात सापांची पैदास: परदेशी धंदा आणि आपला हिशोब

आपल्याकडे साप निघाला की लोक काठी शोधतात किंवा सर्पमित्राला बोलावतात. अमेरिकेत मात्र साप हा दुकानात भाव सांगून विकला जाणारा माल आहे. तेथे हजारो लोक नोकरी सांभाळून घराच्या एका खोलीत सापांची पैदास करतात आणि पिले मेळ्यांतून विकतात. अलीकडे मुंबई-पुण्याच्या काही तरुणांनाही या धंद्याचे आकर्षण वाटू लागले आहे. ‘एक जोडी घ्या, दोन वर्षांत भांडवल दुप्पट’ असे सांगणारेही भेटतात. म्हणून या तिजारतीची आतली बाजू वाचक बंधूंसमोर ठेवणे जरूर वाटते.

नवशिक्यासाठी तेथे दोन जाती प्रसिद्ध आहेत. पहिला कॉर्न स्नेक. हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, केशरी-तांबड्या ठिपक्यांचा, बिनविषारी आणि शांत स्वभावाचा साप. दुसरा बॉल पायथन. हा पश्चिम आफ्रिकेतील घाना, टोगो, बेनिन या मुलखातला लहान अजगर असून घाबरला की चेंडूसारखा गोळा होतो.

कॉर्न स्नेकची मादी साधारण तीन वर्षांची आणि तीनशे ग्रॅमच्या पुढे वजनाची झाल्याशिवाय तिला जोडीला लावू नये, असे जाणकार सांगतात. म्हणजे पिलू विकत घेतले तर पहिली तीन वर्षे फक्त खर्चाचीच. हिवाळ्यात नर-मादीचे खाणे बंद करून, पोट रिकामे झाल्यावर, त्यांना दोन-तीन महिने थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवतात. वसंतात पुन्हा ऊब आणि उंदीर देऊन मादी सुधारली की तिला नराच्या पेटीत सोडतात. मग महिना-दीड महिन्यात ती अंडी घालते. त्याआधी ती एकदा कात टाकते, ती खूण समजून ओल्या शेवाळाचा डबा पेटीत ठेवावा लागतो. एका खेपेत दहा ते वीस अंडी मिळतात, कधी जास्तही.

अंडी कोंबडीसारखी फिरवायची नाहीत. ज्या बाजूने ठेवली तीच बाजू वर राहिली पाहिजे, नाहीतर आतला जीव गुदमरतो. ओलसर व्हर्मिक्युलाइट भरलेल्या डब्यात, 27 ते 29 अंश सेल्सियस उष्णतेत, सुमारे 60 दिवस ती उबवतात. येथे थर्मोस्टॅट बिघडला किंवा वीज फार वेळ गेली तर सगळी खेप वाया जाऊ शकते. मालेगाव-भिवंडीच्या लूमवाल्याला वीज जाण्याचे दुःख सांगायला नको. पण लूम वीज आल्यावर पुन्हा चालू होतो, मेलेले अंडे नाही.

खरी कसोटी पिले निघाल्यावर. प्रत्येक पिलू वेगळ्या डब्यात ठेवायचे, कारण एकत्र ठेवल्यास कोण खाते आणि कोण उपाशी आहे हे कळत नाही, शिवाय क्वचित एक दुसऱ्याला गिळतो. आठवड्या-दहा दिवसांत पहिली कात पडते, त्यानंतर उंदराचे नुकतेच जन्मलेले, गोठवलेले पिलू कोमट करून द्यायचे. काही पिले ते खातच नाहीत. अशा पिलांसाठी आठवडेच्या आठवडे सब्र ठेवावा लागतो. चार-पाच वेळा नीट खाल्ल्याशिवाय इमानदार माणूस पिलू विकत नाही. पंधरा पिले धरली तरी विक्रीपूर्वी साठ-सत्तर उंदीर, पंधरा डबे आणि रोजची सफाई आली. सापाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, म्हणून हाताळल्यावर साबणाने हात धुणे आणि लहान मुलांना दूर ठेवणे हेही त्यातच.

एवढे करून साधे पिलू अमेरिकेत स्वस्तच जाते. पैसा आहे तो रंगात. 1961 साली बेक्टेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी काळा रंग नसलेले अल्बिनो कॉर्न स्नेक कैदेत जन्माला घातले. बॉल पायथनमध्ये हेच काम 1992 साली बॉब क्लार्क यांनी केले. हा रंग ताण्यात दडलेल्या धाग्यासारखा असतो. अल्बिनो आणि साधा यांची जोडी लावली तर सर्व पिले दिसायला साधी निघतात, पण रंग पोटात घेऊन फिरतात. अशा दोघांची जोडी लावली तर सरासरी चारांत एक अल्बिनो मिळतो. म्हणजे आणखी एक पिढी, आणखी तीन वर्षे.

सुरुवातीच्या अल्बिनो अजगरांना हजारो डॉलर मिळाले. पुढे प्रत्येकाच्या घरी तीच पैदास होऊ लागली आणि भाव कोसळला. आम्ही कापडवाल्यांनी हे बाजारात शंभरदा पाहिले आहे: नवे डिझाईन पहिल्या मोसमात कमावते आणि तिसऱ्या मोसमात गठ्ठ्याने पडून राहते. फरक एवढाच की पडून राहिलेला गठ्ठा उंदीर मागत नाही. शिवाय रंगाच्या मागे लागून ‘स्पायडर’ नावाची जी जात वाढवली गेली, तिच्या सापांची मान डुगडुगते आणि तोल जातो. जनावराला असे दुखणे जन्मतःच देऊन विकणे आम्हाला तरी रास्त तिजारत वाटत नाही.

आता आपल्या मुलखाचा कायदा. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 अन्वये देशी साप पकडणे, पाळणे, विकणे हा गुन्हा आहे. नाग आणि अजगर पहिल्या अनुसूचीत असून, 2022 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद व किमान 25 हजार रुपये दंड आहे. धामण ‘शेतकऱ्याचा मित्र’ म्हणून घरात ठेवली तरी सुटका नाही.

परदेशी जातींपैकी बॉल पायथन आंतरराष्ट्रीय ‘साइट्स’ कराराच्या यादीत आहे. अशा प्राण्यांची नोंद 2024 च्या नियमांनुसार ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर करावी लागते, आणि पिले झाली, प्राणी मेला किंवा दुसऱ्याला दिला तर तेही कळवावे लागते. कॉर्न स्नेक त्या यादीत नाही, तरी कोणताही जिवंत प्राणी परवान्याशिवाय देशात आणता येत नाही. डिसेंबर 2023 मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात, बिस्किटे आणि केकच्या पाकिटांत लपवलेले 9 बॉल पायथन आणि 2 कॉर्न स्नेक महसूल गुप्तचर अधिकाऱ्यांनी पकडले. म्हणून कोणी स्वस्तात जोडी देऊ करत असेल तर पैसे मोजण्याआधी त्याच्याकडे आयातीचा परवाना आणि नोंदणीचा कागद मागावा. कागद ‘नंतर देतो’ म्हणणाऱ्याला बयाणासुद्धा देऊ नये.