कंठ आणि पियानो

महाड-पोलादपुराकडील आम्हां लोकांस कीर्तनातील पेटी परिचयाची आहे. बुवांनी सूर घ्यावा व पेटीने त्यामागोमाग यावे, ही आमची साथीची कल्पना. पाश्चात्य गानाच्या बैठकीत, जेथे एक कंठ व एक पियानो एवढेच असतात, तेथे ती लागू पडत नाही. पेटीचा सूर भाता चालेल तोवर टिकतो. पियानोत पट्टी दाबताच लहानशी हातोडी तारेवर आपटते व नाद तत्क्षणी विरू लागतो. म्हणून पियानो गळ्यामागे धावत नाही. तो निराळेच काम पत्करतो.

जर्मन कवी गटे याच्या 'एर्लक्योनिग' या काव्यास शूबर्टने १८१५ साली, अठरा वर्षांचा असताना, दिलेली चाल पाहा. बाप मुलास उराशी धरून रात्री घोडा दौडवीत आहे. मुलास भूतराजा बोलावताना दिसतो. बाप म्हणतो, ते धुके आहे. निवेदक, बाप, मूल व भूतराजा ही चारही पात्रे एकच गायक आवाज पालटून गातो. घोड्याच्या टापा मात्र पियानोवादकाच्या उजव्या हातात. अखेरीस त्या थांबतात, आणि मूल गेले हे गायक जवळजवळ बोलूनच सांगतो.

शूबर्टची गीते प्रथम व्हिएन्नातील स्नेह्यांच्या घरी गायिली गेली. असे गायन ध्वनिवर्धकावाचून होते. त्यास गोव्यातील चांदोरच्या ब्रागांझा वाड्यासारख्या जुन्या घराचा दिवाणखानाच मानवावा. कोकणच्या दमट हवेने पियानोचे लाकूड फुगून सूर ढळतो, ही अडचण खरी. मुंबईत १९६० साली जन्मलेल्या गायिका पॅट्रिशिया रोझारिओ व त्यांचे पती, पियानोवादक मार्क ट्रूप, यांनी २००९ साली भारतात या गायनाचे शिक्षण देण्यास आरंभ केला. ऐकावयास जाणाऱ्यांनी वाहवा मात्र गीत संपेपर्यंत आवरावी. टापा थांबल्यानंतरची ती शांतताही गीतातलीच असते.