मातीत श्वास, समुद्रावर वारा

बायबलमधल्या ‘उत्पत्ती’च्या दुसऱ्या अध्यायात देव मातीचा माणूस घडवतो आणि त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो, तेव्हा कुठे त्यात जीव येतो.

यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथात, ३७व्या अध्यायात, हेच दृश्य अंगावर काटा आणतं. खोरंभर पसरलेली वाळकी हाडं खडखडत जुळतात, त्यांवर स्नायू, मांस, कातडी चढते. तरी ती प्रेतंच! चारी दिशांच्या वाऱ्यांतून श्वासाला हाक गेल्यावरच ती उभी राहतात.

वारा नेहमीच कृपाळू नाही. ‘निर्गम’मध्ये पूर्वेचा वारा इजिप्तवर टोळधाड आणतो, पुढे तोच रात्रभर वाहून इस्राएल लोकांना समुद्रातून वाट करून देतो. होरेब डोंगरावर एलीया संदेष्ट्यासमोर खडक फोडणारं वादळ सुटतं, पण देव त्यात नसतोच.

पेन्टेकॉस्टच्या दिवशी, येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तेव्हा, घरभर घुमला तो सोसाट्याच्या वाऱ्यासारखा नाद. ‘प्रेषितांची कृत्ये’मध्ये (२:२) प्रत्यक्ष वारा सुटल्याचा उल्लेख नाही.