रकान्यात न मावलेले उत्तर

गेल्या वर्षी पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीचा लघुप्रबंध तपासताना मी एका तक्त्यापाशी अडलो. विषय होता ग्रामीण कुटुंबांतील रोजगार. तिने आपल्याच गावातील साठ कुटुंबांची पाहणी केली होती. प्रश्नावली रीतसर होती, टक्केवारी अचूक होती, आलेख सुबक होते. तक्त्याप्रमाणे गावातील निम्म्याहून अधिक प्रौढ स्त्रिया 'काम न करणाऱ्या' ठरत होत्या. मौखिक परीक्षेत मी सहज विचारले, "यांत तुझी आई कुठे आहे?" ती क्षणभर थांबून म्हणाली, "सर, तीही काम न करणाऱ्यांतच आहे." मग आईची दिनचर्या तिनेच सांगितली : पहाटे दोन म्हशींच्या धारा, वैरण, शेण, दूध डेअरीवर पोचविणे, दुपारी स्वतःच्या रानात खुरपणी. "मग ती काम करीत नाही असे कोणी सांगितले?" "वडिलांनी सांगितले, सर. व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी 'घरकाम' लिहायला लावले."

तिच्या गणितात चूक नव्हती. चूक गणित सुरू होण्यापूर्वीच होऊन गेली होती, आणि तिच्या मार्गदर्शकांच्या, बहिःस्थ परीक्षकांच्या किंवा तिच्या स्वतःच्याही ती लक्षात आली नाही. आपल्या महाविद्यालयांत एक समजूत पक्की रुजली आहे : आकडे असले की संशोधन, वर्णन असले की साहित्य. ही समजूत रुजविण्यात प्रस्तुत लेखकाचाही वाटा आहे. वर्षानुवर्षे मी विद्यार्थ्यांना नमुना निवड आणि सहसंबंध शिकविला. एखाद्या ओसरीवर बसून माणसाचे बोलणे कसे ऐकावे, हे मात्र कधी शिकविले नाही.

संख्यात्मक संशोधन 'किती' हे विचारते. त्यासाठी प्रश्न आधी ठरवावे लागतात, ते सर्वांना सारखेच विचारावे लागतात आणि नमुना असा निवडावा लागतो की त्यावरून सगळ्या समूहाविषयी काही बोलता यावे. गुणात्मक संशोधनाचा प्रश्न निराळा असतो. ज्याला आपण 'काम', 'गरिबी' किंवा 'कर्ज' म्हणतो, त्याचा त्या माणसांच्या लेखी अर्थ काय, आणि ते असे का वागतात? येथे माणसे थोडी असतात, पण त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा जावे लागते, आणि पहिल्या भेटीत चुकीचा ठरलेला प्रश्न दुसऱ्या भेटीत बदलण्याची मुभा असते. प्रश्नावलीला ही मुभा नसते. तिचे बळ त्यात आहे आणि तिचा दुबळेपणाही त्यातच आहे.

या दोन्ही वाटा आपल्याकडे एकाच सुमारास चालल्या गेल्या आहेत. १९१५ साली त्र्यंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' प्रसिद्ध झाले. महसूल खात्यातील या अधिकाऱ्याने कुणबी, बलुतेदार, वतनदार आणि फिरस्ते यांचे परस्परांशी असलेले देणेघेणे जवळून पाहून लिहिले. पुढे दोनच वर्षांनी, १९१७ साली, पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी प्रसिद्ध केली. (तेथे आज इमारतींचे मजले मोजावे लागतात!) १७७१ मध्ये सरासरी ४० एकर असलेली जमीनधारणा १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली, हा मॅनसाहेबांचा निष्कर्ष अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पिढ्यान् पिढ्या पाठ केला. जमिनीचे तुकडे किती पडले ते मॅन सांगतात. पण सुगीच्या दिवसांत खळ्यावर कोण कोण हात पसरून उभे राहतो आणि कुणबी त्याला नाही का म्हणू शकत नाही, हे कळण्यासाठी आत्रेच वाचावे लागतात. तथापि आत्र्यांचीही एक बाजू आहे. ते कुणब्याच्या खळ्यावर उभे राहून पाहतात, म्हणून फिरस्त्यांविषयी त्यांची लेखणी कठोर होते. फिरस्त्यांच्या पालात बसून कोणी लिहिले असते, तर गावगाडा वेगळा दिसला असता. पाहणारा कोठे उभा आहे, हे गुणात्मक संशोधनात स्पष्ट सांगावे लागते ते याचसाठी.

गरिबीच्या मोजमापाचे उदाहरण याहून बोलके आहे. १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी दरडोई रोज २,२५० कॅलरींचा निकष लावून १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातील सुमारे ४० आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक पुरेशा आहाराला मुकतात, असे दाखविले. हे काम गोष्टी गोळा करून झाले नसते. देशाच्या दारिद्र्याला असा आकडा मिळाला, म्हणून त्यावर वाद घालणे शक्य झाले. पुढे १९८८ साली अर्थशास्त्रज्ञ एन. एस. जोधा यांनी राजस्थानातील दोन खेड्यांचा अभ्यास मांडला. साठच्या दशकात पाहिलेल्या कुटुंबांकडे ते ऐंशीच्या दशकात परत गेले. काही कुटुंबांचे दरडोई वास्तव उत्पन्न पाच टक्क्यांहून अधिक घटले होते, म्हणजे आपल्या हिशेबाने ती अधिक गरीब झाली होती. पण जोधांनी त्यांनाच विचारले की, बरे दिवस कशावरून ओळखता? त्यातून ३८ कसोट्या निघाल्या : जमीनदाराच्या आवारात राहावे लागत नाही, पेरणीआधी त्याच्यापुढे हात पसरावा लागत नाही, बायकामुलांच्या पायांत जोडे आहेत, बायकांना न्हाण्यासाठी आडोसा आहे. यांतील जवळजवळ सर्व कसोट्यांवर ती कुटुंबे पूर्वीपेक्षा सुधारलेली होती.

यावरून उत्पन्न घटले तरी लोक सुखात आहेत, असा सोयीचा अर्थ एखादा राज्यकर्ता काढील. तो काढू देता कामा नये. जोधांनी उत्पन्नाचा आकडा खोटा ठरविला नाही, त्याला न दिसणारी बाजू दाखविली, आणि त्या ३८ कसोट्या पुन्हा मोजल्याही. दोन पद्धतींत भांडण आहे, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. उलट, चार माणसांशी दोन तास गप्पा मारून 'गुणात्मक' या नावाखाली प्रवासवर्णन सादर करण्याची जी फॅशन अलीकडे बोकाळली आहे, तिचा यात काही संबंध नाही. मुलाखतीची नोंद त्याच दिवशी लिहिणे, आपल्या मताविरुद्ध जाणारा माणूस मुद्दाम शोधणे, दोन माणसांच्या सांगण्यात तफावत आली तर ती न लपविणे, ही शिस्त टक्केवारी काढण्याहून सोपी नाही.

त्या विद्यार्थिनीच्या तक्त्याकडे परत येऊ. दुभती जनावरे सांभाळणारी आणि शेतात राबणारी स्त्री राष्ट्रीय नमुना पाहणीच्या नियमांप्रमाणे काम करणाऱ्यांतच मोडते. अडचण अशी की, उत्तर बहुधा घरचा पुरुष देतो. सरपण आणि वैरण गोळा करणाऱ्या बाईसाठी तर '९३' हा स्वतंत्र संकेतांकच होता, पण त्याची गणना श्रमशक्तीच्या बाहेर. स्त्रियांच्या दिवसाकडे बारकाईने पाहणाऱ्यांनी हा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला. २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत व्यवसाय न विचारता दिवसभराचा वेळ विचारला गेला, तेव्हा बिनमोल घरकामात ते करणाऱ्या स्त्रीचे रोज २९९ मिनिटे आणि पुरुषाची ९७ मिनिटे जातात, हा आकडा हाती आला.

आपल्यापैकी अनेक शिक्षक जनगणनेचे काम करतात, अनेक कारकून योजनांचे अर्ज भरून घेतात. रकाना त्यांनी ठरविलेला नसतो, पण प्रश्न कोणाला विचारायचा, हे पुष्कळदा त्यांच्या हाती असते. आणि 'काम न करणारी' अशी एकदा नोंद झाली की शेतकरी किंवा पशुपालक म्हणून कर्ज, विमा, प्रशिक्षण मागायला ती बाई जाणार कोणत्या तोंडाने?

त्या मुलीला मी प्रबंध परत दिला आणि साठांपैकी फक्त सहा घरी पुन्हा जायला सांगितले, या वेळी प्रश्नावलीवाचून. ती तीन आठवडे जात राहिली. सहापैकी पाच घरी जनावरांचे सगळे काम बाईच करीत होती, आणि पाचही घरी डेअरीतले दुधाचे खाते नवऱ्याच्या नावावर होते. पहिल्या प्रश्नावलीत खाते कोणाच्या नावावर, हा प्रश्नच नव्हता. आता तो आहे, आणि ती उरलेल्या चोपन्न घरी तो विचारत फिरते आहे.