वास्तव्य, नागरिकत्व आणि सातबारा

क्रांती चौकात शिवरायांच्या अश्वारूढ पुतळ्याजवळ संध्याकाळी आमची चार-पाच जणांची बैठक जमते. त्यातले एक वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. गंगापूर तालुक्यात त्यांची वडिलोपार्जित सहा एकर आहे, एकुलता एक मुलगा परदेशात. गेल्या दिवाळीत त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. मुलाने एका सल्लागाराचं माहितीपत्रक पाठवलं होतं. "भाऊ, दोन लाख डॉलर भरले की पासपोर्ट देतात म्हणे. मग आपल्या जमिनीचं काय?"

माहितीपत्रकात जमिनीचा उल्लेखच नव्हता. त्या एका प्रश्नामुळे मी हा विषय मुळापासून वाचला.

मराठवाड्याला रहिवासाचा दाखला नवा नाही. निजामाच्या राज्यात मुल्की आणि गैरमुल्की असा भेद होता. १९१९ च्या फर्मानानुसार सरकारी नोकरीला मुल्की असावं लागे, आणि बाहेरून आलेल्याला त्यासाठी पंधरा वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागे. तेव्हा वर्षं मोजत. आता काही देश रक्कम मोजतात.

पण ती रक्कम भरून नेमकं काय मिळतं, इथेच बहुतेकांची गफलत होते. वास्तव्याचा परवाना मिळाला तर भारतीय पासपोर्ट आपल्याकडेच राहतो. नागरिकत्व घेतलं तर १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार आपलं भारतीय नागरिकत्व तिथेच संपतं. दुहेरी नागरिकत्व भारताला मान्य नाही.

पैशांवर थेट नागरिकत्व देण्याची सुरुवात सेंट किट्स आणि नेव्हिस या चिमुकल्या कॅरिबियन देशाने १९८४ मध्ये केली. डॉमिनिका, अँटिग्वा, ग्रेनाडा, सेंट लुसिया त्याच वाटेने गेले. २०२४ मध्ये यातल्या बहुतेक देशांनी आपसांतली स्वस्ताईची चढाओढ थांबवून किमान रक्कम दोन लाख डॉलरवर नेली. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या शाखेतल्या घोटाळ्यातला आरोपी मेहुल चोक्सी याने २०१७ मध्ये अँटिग्वाचं नागरिकत्व घेतलं ते याच योजनेतून. एप्रिल २०२५ मध्ये त्याला बेल्जियममध्ये अटक झाली. अशा प्रकरणांमुळे या पासपोर्टांकडे जग संशयाने पाहतं, आणि त्याची झळ सरळमार्गी अर्जदारालाही बसते.

युरोपातली दारं तर एकेक करून बंद होत आहेत. ब्रिटनने गुंतवणूकदारांचा व्हिसा फेब्रुवारी २०२२ मध्ये थांबवला, आयर्लंडने २०२३ मध्ये, स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये. पोर्तुगालने घर घेऊन परवाना मिळवण्याची सोय २०२३ मध्ये काढून टाकली. माल्टाची पैशांवर नागरिकत्व देण्याची योजना युरोपीय न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये बेकायदा ठरवली. म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या माहितीपत्रकावर विसंबून कोणी घरदार विकायला काढू नये, असं मी कळकळीने सांगतो.

दुबईत वीस लाख दिरहमचं घर घेतलं तर दहा वर्षांचा परवाना मिळतो, नागरिकत्व नाही. अमेरिकेच्या ईबी-५ मार्गाला रोजगाराची गरज असलेल्या भागात किमान आठ लाख डॉलर गुंतवावे लागतात आणि दहा जणांना पूर्णवेळ काम मिळालं हे दाखवावं लागतं. पण हे पैसे भारतातून पाठवायचे तर रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. म्हणून नवरा-बायको दोघं मिळून काही रक्कम ३१ मार्चआधी आणि उरलेली १ एप्रिलनंतर पाठवतात. गुंतवणुकीसाठी वर्षाला दहा लाख रुपयांपुढे पाठवलेल्या रकमेवर बँक वीस टक्के कर (टीसीएस) आगाऊ घेते. विवरणपत्र भरल्यावर तो वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो.

निवृत्तांसाठी वाट वेगळी आहे. थायलंडमध्ये पन्नाशीनंतर बँकेत आठ लाख बाट ठेवून वर्षावर्षाने मुदत वाढवता येते, मात्र दर नव्वद दिवसांनी पत्ता कळवावा लागतो. पोर्तुगालचा डी-७ व्हिसा पेन्शन किंवा भाड्याच्या उत्पन्नावर मिळतो. मॉरिशसही पन्नाशीपुढच्या निवृत्तांना परवाना देतो. मला स्वतःला मॉरिशसची ओढ वाटते. एकोणिसाव्या शतकात तिथे गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आहेत, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते.

आता जमीन. परकीय नागरिक झालेल्याला ओसीआय कार्ड मिळतं. त्यावर आयुष्यभर येता-जाता येतं, इथे फ्लॅट घेता येतो. मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. अनिवासी भारतीयालाही परदेशात असेपर्यंत शेती घेता येत नाही, पण त्याचं नागरिकत्व शाबूत असतं. तो कायमचा परतला की हे बंधन सुटतं. ओसीआयवाला गंगापुरात येऊन राहिला तरी सुटत नाही. वारसाने आलेली शेती मात्र दोघांनाही ठेवता येते. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच.

यातली बारीक गोष्ट कित्येकांना माहीत नसते. वडिलांनी हयातीत बक्षीसपत्र करून परदेशातल्या मुलाला शेती देणं परकीय चलनाच्या नियमांत बसत नाही. मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने आलेली बसते. आमचे गंगापूरवाले नेमकं बक्षीसपत्रच करायला निघाले होते, स्टॅम्पपेपरसुद्धा आणला होता.

मुलाने शेवटी पासपोर्टचा नाद सोडला. आहे तिथेच कायम वास्तव्याचा अर्ज केला, भारतीय पासपोर्ट ठेवला. वडिलांनी वकिलाकडून मृत्युपत्र करून घेतलं आणि त्याची नोंदणी केली. परवा चौकात भेटले तेव्हा सांगत होते, बांधावर यंदा दहा आंब्यांची कलमं लावलीत, आणि मुलाला त्यांचे फोटो पाठवलेत.