घरबसल्या संगणक – भाग ६ : फाइल गेली कुठे?

प्रवेशपत्र डाउनलोड झालं असं फोन सांगतो. उघडून पाहिलं तर दिसतंही. दोन दिवसांनी प्रिंट काढायला चाकणच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन उभं राहिलं, की ते सापडत नाही. मग पुन्हा साइट, पुन्हा पासवर्ड, पुन्हा ओटीपी. एकाच प्रवेशपत्राच्या चार-पाच प्रती फोनमध्ये जमतात, नावापुढे कंसात १, २, ३ असे आकडे लागतात, आणि ऐन वेळी त्यातली एकही हाती लागत नाही. काहींनी यावर जालीम उपाय काढलाय: आलेली फाइल लगेच स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करायची.

यात हसण्यासारखं काही नाही. फाइल कुठे ठेवली जाते हे फोन आपल्याला मुद्दामच दाखवत नाही. फोटो गॅलरीत दिसतात, गाणी गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये, पीडीएफ आणखी कुठेतरी. वापरणाऱ्याला सोय व्हावी म्हणून हा पडदा टाकलाय. पण ज्यानं आयुष्यातला पहिला संगणक म्हणून फोनच हातात घेतला, त्याला पडद्यामागे काही आहे याचाच पत्ता नसतो. घरबसल्या संगणक शिकणाऱ्यांची खरी अडचण मला इथं दिसते.

आणि निघोज्यासारख्या गावात घरबसल्याच शिकावं लागतं. इंद्रायणीकाठचं, खेड तालुक्यातलं हे गाव. २०१० साली महिंद्राचा वाहन कारखाना इथं सुरू झाला. आता या पट्ट्यात कारखान्यांत काम करून खोली भाड्यानं घेऊन राहणारी मुलं गावोगाव आहेत. त्यांतल्या अनेकांचा एक डोळा तलाठी, पोलीस किंवा लिपिक भरतीवर असतो, आणि जाहिरातीत संगणक अर्हतेची ओळ असतेच: एमएस-सीआयटी किंवा सीसीसी. २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलची एमएस-सीआयटी महाराष्ट्रात घराघरात माहीत आहे, पण ती करायची तर केंद्रावर बॅच घ्यावी लागते. इथं आठवड्याला शिफ्ट बदलते, बॅच काही बदलत नाही. फर्स्टवाल्याला जमणारी वेळ पुढच्या आठवड्यात सेकंडला आल्यावर जमत नाही, आणि नाईट करून आलेला माणूस सकाळच्या वर्गात काय शिकणार! म्हणून नायलिटच्या सीसीसीकडे, म्हणजे ‘कोर्स ऑन कॉम्प्युटर कॉन्सेप्ट्स’कडे, ही मुलं वळतात. अभ्यासक्रम ८० तासांचा. संस्थेत नाव न घालता थेट परीक्षेचा अर्ज भरता येतो, आणि अभ्यास आपापल्या सवडीनं, कंपनीच्या बसमध्ये बसूनही करता येतो.

परीक्षा ९० मिनिटांची, १०० वस्तुनिष्ठ प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, ५० गुणांना उत्तीर्ण. प्रश्नसंच फोनवर घोकून हे जमतं, आणि जमवणारे जमवतात. कळफलकाला बोट न लावता संगणकाचं प्रमाणपत्र! नोकरी लागल्यावर पहिल्याच दिवशी साहेब म्हणतात, ‘ती फाइल जरा दुसऱ्या फोल्डरला टाका,’ आणि घाम फुटतो. म्हणून आजचा भाग फक्त फाइल आणि तिच्या जागेसाठी.

निघोज्यातल्या शेतकऱ्याला फोल्डर समजावून सांगायची गरज नाही, तो सातबारा काढतो. महाभूलेखच्या साइटवर आधी विभाग निवडायचा, मग जिल्हा पुणे, तालुका खेड, गाव निघोजे, आणि शेवटी गट नंबर. जिल्ह्याच्या पोटात तालुका, तालुक्याच्या पोटात गाव, गावाच्या पोटात गट. संगणकातले फोल्डर अगदी असेच एकाच्या पोटात एक असतात, आणि सगळ्यात आत फाइल. वरून खालपर्यंतच्या या पत्त्याला पाथ म्हणतात. शंभर नंबरचा गट गावोगाव असतो. नुसतं ‘गट नंबर १००’ म्हटलं तर तलाठी विचारेलच, कुठल्या गावचा? नुसतं फाइलचं नाव सांगणाऱ्याला संगणक हेच विचारत असतो.

आता शेजारचं म्हाळुंगे घ्या. एक म्हाळुंगे आपलं, खेड तालुक्यातलं. दुसरं बालेवाडीजवळचं, मुळशी तालुक्यातलं. तालुके वेगळे, म्हणून नाव एक असूनही कागदावर घोटाळा होत नाही. वेगवेगळ्या फोल्डरांत एकाच नावाच्या दोन फाइली सुखानं नांदतात त्या याच न्यायानं. बोलताना मात्र तालुका कोण सांगत बसतो? मग आपण ‘म्हाळुंगे इंगळे’ म्हणून वेगळं ओळखतो. एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाची दुसरी फाइल आली, की ब्राउझर कंसात १ लावतो तो याच कारणानं. प्रवेशपत्राच्या त्या पाच प्रतींचं रहस्य एवढंच आहे: त्या सगळ्या ‘डाउनलोड’ नावाच्या एकाच फोल्डरमध्ये पडलेल्या असतात. फोनमधलं ‘फाइल्स’ किंवा ‘फाइल मॅनेजर’ हे अ‍ॅप उघडा आणि इंटर्नल स्टोरेजमध्ये जा. तिथंच ‘डीसीआयएम’ नावाचं एक गूढ फोल्डरही दिसेल. ते ‘डिजिटल कॅमेरा इमेजेस’चं लघुरूप, कॅमेऱ्यानं काढलेले फोटो त्याच्या पोटात असतात.

शॉर्टकटचंही इथंच उरकू. डेस्कटॉपवरचा शॉर्टकट म्हणजे उताऱ्याची झेरॉक्स. ती फाटली म्हणून जमीन जात नाही.

दुसरा गोंधळ मेमरीचा. ‘माझ्या फोनची मेमरी १२८ आहे’ असं कुणी म्हणतं, आणि दुकानदार ८/१२८ असं लिहितो. यातले ८ जीबी रॅम, १२८ जीबी स्टोरेज. लाइनवर काम करणाऱ्याला हा फरक रोज हाताळावा लागतो. त्याच्या हाताशी बिन असतो. लहान, पण हात घातला की पार्ट मिळतो. स्टोअर मोठं असतं, पण लांब. बिन रिकामा झाला की स्टोअरमधून माल येतो. रॅम म्हणजे बिन, स्टोरेज म्हणजे स्टोअर. बिन लहान पडला की ऑपरेटर खोळंबतो, तसा रॅम कमी पडली की संगणक अडखळतो. अशा वेळी स्टोरेज वाढवून काहीच होत नाही. दाखला एका जागी मात्र तुटतो. लाइट गेली तरी बिनमधले पार्ट बिनमध्येच राहतात, रॅममधलं सगळं पुसलं जातं. टाइप केलेलं पत्र सेव्ह करेपर्यंत रॅममध्येच असतं. सेव्ह म्हणजे ते स्टोअरला जमा करणं, आणि जमा करताना ‘कुठे?’ हा प्रश्न येतोच. त्या चौकटीत न वाचता ‘ओके’ दाबायची सवय लागली, की आपण परत झेरॉक्सच्या दुकानात उभे.

नवीन ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह विंडोजला लावला तर सुमारे २९.८ जीबीच दिसतो. दुकानदारानं फसवलं नाही. पेन ड्राइव्ह बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या. संगणकाचं सगळं गणित दोनावर चालतं, आणि दोनाला दोनानं गुणत गेलं की दहाव्या पायरीला १०२४ येतात. सीसीसीच्या अभ्यासात लिब्रेऑफिस कॅल्क आहे. त्यातल्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी असतात, हे मुलं मान खाली घालून पाठ करतात. १०२४ ला १०२४ नं गुणा, पाठ करायची गरज उरणार नाही.

संगणक नाही, फोनच आहे, अशांसाठी एक जुगाड. ओटीजी अ‍ॅडाप्टर लावून साधा यूएसबी कीबोर्ड अँड्रॉइड फोनला जोडता येतो. बहुतेक फोनना माउसही चालतो, पडद्यावर चक्क बाण येतो. कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही, कंट्रोल-झेड बोटांत बसवायला एवढं पुरतं. लिब्रेऑफिस मात्र खऱ्या संगणकावरच शिकावं. ते फुकट आहे. साप्ताहिक सुटीला कुणाचा तरी लॅपटॉप दोन तास मागून घ्या.

तो मिळाला की हा गृहपाठ. डॉक्युमेंट्समध्ये ‘खेड’ नावाचं फोल्डर करा, त्याच्या पोटात ‘निघोजे’ नावाचं दुसरं. नोटपॅड उघडून देवनागरीत ‘निघोजे’ एवढा एकच शब्द लिहा आणि फाइल त्या आतल्या फोल्डरमध्ये सेव्ह करा. मग फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये आकार पाहा: १८ बाइट. डोळ्यांना तीनच अक्षरं दिसतात, पण युनिकोड न, घ, ज ही तीन व्यंजनं आणि त्यांच्या तीन मात्रा वेगळ्या मोजतं. झाली सहा चिन्हं. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. हेच नाव रोमन लिपीत लिहिलंत तर सात अक्षरांचे सातच बाइट होतील. आणि १८ च्या जागी २१ दिसले तर गडबडू नका. लॅपटॉपवरचं नोटपॅड जुनं असेल. ते यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करताना फाइलच्या तोंडाशी आपली तीन बाइटांची खूण ठेवून देतं.