प्रत्यारोपणानंतर ब्लड कॅन्सर परतला तर...

मूलपेशी प्रत्यारोपण, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले 'बोन मॅरो', पार पडले की घरच्यांना वाटते, सुटलो एकदाचे. रुग्ण मंडणगडला परततो, अंगात हळूहळू ताकद येते आणि फेरतपासणी पुढे ढकलली जाऊ लागते. खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या 'ॲक्ट्रेक'मध्ये जायचे तर म्हाप्रळ-आंबेतमार्गे जाण्या-येण्यातच दिवस मोडतो. धडधाकट वाटणाऱ्या माणसाने तो कशाला मोडावा? पण काही रुग्णांत आजार परततो, आणि बहुतेकदा तो पहिल्या दोन वर्षांतच परततो. तो किती लवकर सापडला, यावर पुढचे बरेच काही ठरते.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. भावा-बहिणीच्या किंवा अन्य दात्याच्या पेशी घेतल्या जातात, तेव्हा कर्करोगाशी केवळ केमोथेरपी लढत नसते. दात्याच्या टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी, रुग्णाच्या शरीरात उरलेल्या कर्कपेशींना परक्या समजून मारतात. ही फौज थकली किंवा फसवली गेली की आजार डोके वर काढतो. मग ताजी कुमक का पाठवू नये? जर्मनीत हान्स-योखेम कोल्ब आणि सहकाऱ्यांनी नेमके हेच केले. प्रत्यारोपणानंतर 'सीएमएल' हा ब्लड कॅन्सर परतलेल्या तीन रुग्णांना त्यांनी मूळ दात्याच्याच पांढऱ्या पेशी पुन्हा दिल्या आणि आजार मागे हटला. १९९० साली हे प्रसिद्ध झाले. या उपचाराला आज 'डीएलआय' म्हणतात. त्यासाठी दात्याला पुन्हा शस्त्रक्रिया लागत नाही. काही तास यंत्राजवळ बसून रक्तातून पेशी दिल्या की झाले. मुंबईत नोकरीला असलेल्या दात्या भावाशी संबंध टिकवून ठेवावेत, ते यासाठीही!

मात्र ही कुमक दुधारी आहे. त्याच पेशी रुग्णाची त्वचा, यकृत, आतडी यांवरही उलटू शकतात. म्हणून त्या सहसा थोड्या-थोड्या, वाढत्या मात्रेने देतात. शिवाय कर्कपेशी कमी असतील तरच त्यांचा जोर पुरतो. आजार पूर्ण उफाळल्यावर, विशेषतः तीव्र ल्युकेमियात, आधी औषधांनी तो खाली आणावा लागतो. इथेच तपासणीचे महत्त्व कळते. रक्तात दात्याच्या पेशी किती टक्के आहेत हे 'कायमेरिझम' चाचणी सांगते. हा आकडा घसरू लागला, तर साधा सीबीसी रिपोर्ट नॉर्मल असतानाही धोक्याची चाहूल लागू शकते. सीबीसी गावाजवळच्या लॅबमध्ये होते, कायमेरिझमसाठी मोठे केंद्रच गाठावे लागते.

अर्धवट जुळणाऱ्या, म्हणजे आई-वडील किंवा मुलांकडून घेतलेल्या पेशींच्या बाबतीत आणखी एक खोच आहे. कर्कपेशी कधीकधी स्वतःवरची न जुळणारी ओळखचिन्हेच पुसून टाकतात. मग त्याच दात्याच्या पेशी पुन्हा देऊन उपयोग नसतो. दुसरा दाता शोधून दुसरे प्रत्यारोपण करण्याचा विचार होतो. शरीर तेवढे सोसेल का आणि पहिल्या प्रत्यारोपणाला किती काळ लोटला, हे पाहूनच तो निर्णय घेतात. रुग्णाच्या स्वतःच्याच पेशी वापरल्या असतील (मायलोमा, लिम्फोमात बहुधा तसेच असते), तर ही दात्याची फौजच नसते. तिथे वाट वेगळी.

आता गोळ्या आणि इंजेक्शनेही मदतीला आहेत. 'सीएमएल'मध्ये इमॅटिनिबच्या कुळातली औषधे, काही तीव्र ल्युकेमियांत विशिष्ट जनुकीय बिघाडावर नेम धरणाऱ्या गोळ्या, तर बी-पेशींच्या ल्युकेमियात ब्लिनाटुमोमॅब. याच गटासाठी आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक यांच्या सहकार्यातून 'नेक्सकार१९' ही कार-टी उपचारपद्धती उभी राहिली. तिला ऑक्टोबर २०२३मध्ये देशात मान्यता मिळाली. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी काढून, कर्कपेशी ओळखणारे जनुक त्यांत घालून त्या परत सोडतात. गंमत अशी, की दात्याच्या पेशींवर प्रत्यारोपण झालेल्या रुग्णात या टी-पेशी बहुधा मुळात दात्याच्याच असतात. खर्च परदेशाच्या साधारण एक-दशांश असला, तरी तो लाखांतच जातो. त्यामुळे रुग्णालयातील समाजसेवा विभागाशी आधीच बोललेले बरे.

यापैकी कशानेही प्रत्येक जण बरा होतो असे नाही. काहींच्या बाबतीत वेदना आणि रक्तस्राव आटोक्यात ठेवून घरी राहणे हाच शहाणा निर्णय असतो, आणि त्यासाठीही तज्ज्ञ डॉक्टर असतात. पण विनाकारण ताप, अंगावर निळे-लाल डाग, हिरड्यांतून रक्त किंवा वाढता थकवा दिसला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता प्रत्यारोपण केंद्राला त्याच दिवशी फोन करावा.