संग्रह, साठा आणि अडगळ : जुन्या लढाऊ विमानांच्या एका विक्रीच्या निमित्ताने

पत्रिकेतला विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल, की तत्त्वज्ञानाच्या माणसाचा लढाऊ विमानांशी काय संबंध? संबंध आहे. एखादी वस्तू 'तीच' आहे हे आपण कशाच्या आधारावर म्हणतो, आणि ती 'माझी' आहे म्हणजे नेमकं काय, हे आमच्या विषयातले फार जुने प्रश्न. वर्गात यांची उत्तरं चुकली तर दोन-चार गुण जातात. जुन्या विमानांच्या बाजारात उत्तर चुकलं तर कोट्यवधी रुपये जातात. म्हणून आज त्या बाजारात जाऊ.

अमेरिकेत टेक्सास राज्याच्या पश्चिम भागात बिग स्प्रिंग नावाचं गाव आहे. तिथे कॉनी एडवर्ड्स नावाचा एक वैमानिक आणि जमीनदार होता. १९६८ मध्ये 'बॅटल ऑफ ब्रिटन' या इंग्रजी चित्रपटाचं चित्रीकरण चाललं होतं. तेव्हा संगणकाची जादू नव्हती, आकाशात शंभर विमानं दाखवायची तर विमानं खरीच लागायची. एडवर्ड्स त्या चित्रपटासाठी विमान चालवायला गेला. काम संपलं तेव्हा मोबदल्याच्या पैशांऐवजी त्याने विमानंच घेतली, अशी ही हकीकत सांगतात. ती जहाजाने टेक्सासला गेली आणि गोदामात उभी राहिली. एक-दोन नाही, पंचेचाळीस वर्षं. २०१४ मध्ये तो साठा विक्रीला निघाला तेव्हा जगभरचे शौकीन थक्क झाले. सहा बुचोन, त्यातलं एक दोन आसनांचं, शिवाय एक स्पिटफायर. काहींच्या अंगावर चित्रपटासाठी दिलेला रंग अजून तसाच होता.

आता हे बुचोन काय प्रकरण आहे ते सांगायला हवं, कारण खरी गंमत तिथेच आहे. दुसऱ्या महायुद्धातलं जर्मनीचं प्रमुख लढाऊ विमान म्हणजे मेसरश्मिट १०९. स्पेनने युद्धकाळात ते आपल्याकडे बांधायचा परवाना घेतला. जर्मनीकडून सांगाडे आले, पण इंजिनं आली नाहीत, कारण जर्मनीला स्वतःलाच ती पुरत नव्हती. स्पेनने आधी दुसरं इंजिन लावून पाहिलं आणि १९५० च्या दशकात शेवटी त्यात बसवलं रोल्स-रॉइसचं मर्लिन. म्हणजे ज्या ब्रिटिश इंजिनावर स्पिटफायर उडत होतं, ते! या इंजिनामुळे विमानाचा गळा पुढून फुगीर दिसू लागला. स्पॅनिश लोकांनी छाती फुगवणाऱ्या कबुतराच्या एका जातीवरून त्याचं नाव ठेवलं बुचोन. १९६५ पर्यंत स्पेनच्या वायुदलाने ती वापरली आणि मग निकालात काढली. तीन वर्षांनी चित्रपटात त्यांनीच जर्मन विमानांची भूमिका केली. आणखी एक विचित्र योग असा, की १९३५ मध्ये जर्मनीत या जातीचं पहिलं विमान उडालं तेव्हा त्यातही इंजिन रोल्स-रॉइसचंच होतं, केस्ट्रेल जातीचं.

मग हे विमान जर्मन, स्पॅनिश की ब्रिटिश? ही केवळ शब्दांची कसरत नाही. गिऱ्हाईक पैसे मोजताना हाच प्रश्न विचारतं.

राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. नागसेन विचारतो, महाराज, आपण रथातून आलात. मग आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? मिलिंद प्रत्येकाला 'नाही' म्हणतो. शेवटी ठरतं ते एवढंच, की भागांच्या जुळणीला व्यवहारात दिलेलं नाव म्हणजे रथ. आमचे नैयायिक याच्या उलट टोकाला उभे. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा असा 'अवयवी' खरोखर असतो. पण त्याची किंमत त्यांना मोजावी लागते. कापडातला एक धागा काढला की जुनं कापड नष्ट झालं आणि नवा 'खंडपट' निर्माण झाला, असं त्यांना म्हणावं लागतं. 'हेच ते कापड' असं आपल्याला वाटतं ते साजात्यामुळे, सारखेपणामुळे. आता विचार करा, विमान दुरुस्त करताना पंखाचा मुख्य दांडा नवा घालतात, पत्रे नवे, रिवेट नव्या, तारा नव्या. नैयायिकांच्या हिशेबाने दर सकाळी गोदामात नवं विमान जन्माला येतं!

बाजाराने याचं स्वतःचं उत्तर काढलं आहे. प्रत्येक विमानावर कारखान्याने ठोकलेली क्रमांकाची एक लहानशी पट्टी असते. ती पट्टी आणि त्या क्रमांकाचा अखंड कागदोपत्री इतिहास हाती असेल, तर विमान 'तेच' मानलं जातं, मग आतला नव्वद टक्के धातू कालचा का असेना. हे हास्यास्पद वाटतं ना? पण न्यायालयानेही साधारण याच वाटेने विचार केला आहे. १९३० मध्ये ल मान्सची शर्यत जिंकलेली एक बेंटली मोटार होती, 'ओल्ड नंबर वन'. साठ वर्षांनी तिचा एक कोटी पौंडांचा सौदा ठरला आणि घेणाऱ्याने हात वर केले, की हिच्यात मूळचं फारसं काही उरलेलं नाही. १९९० मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने निकाल दिला, की गाडीत बदल होत गेले तरी तिचं अस्तित्व मधे कुठे तुटलेलं नाही, म्हणून ती तीच आहे. आम्हाला हा निकाल मिलिंद-नागसेनाच्या फार जवळचा वाटतो, फक्त न्यायमूर्तींनी पाली वाचलेली नव्हती.

एडवर्ड्सच्या विमानांना वेगळा भाव होता तो याच्या उलट कारणाने. त्यांना पंचेचाळीस वर्षं कुणी हातच लावलेला नव्हता. तुम्ही म्हणाल, मग आळसच कामी आला. बऱ्याच अंशी खरं आहे, पण हवेलाही श्रेय द्या. विमानाचा पत्रा शुद्ध ॲल्युमिनियमचा नसतो, तांब्यासारखे धातू मिसळून तो कठीण केलेला असतो. अशा मिश्रधातूला खारट दमट हवा लागली की तो आतून, कणांच्या सांध्यांतून, पोखरला जातो आणि पापुद्रे सुटतात. वरून रंग शाबूत, आत भुगा. पश्चिम टेक्सासची हवा कोरडी. आपल्याकडे खाडीची हवा, चार महिन्यांचा पाऊस, आणि डोंबिवलीत तर कारखान्यांची देणगी वेगळी. २०१४ च्या जानेवारीत इथे हिरवा पाऊस पडला होता, आठवतो ना? तोच साठा आपल्या गावात ठेवला असता तर पंधरा वर्षांत भंगारवाला बोलवावा लागला असता.

भंगाराचा विषय निघालाच आहे तर भारताकडे येऊ, कारण या जागतिक बाजारात आपल्या देशाचा वाटा लोकांना वाटतो त्याहून मोठा आहे. महायुद्ध संपल्यावर कानपूरला लिबरेटर जातीची बॉम्बफेकी विमानं मोठ्या संख्येने सोडून दिलेली होती. अमेरिकेने ती उसनवारीच्या करारावर दिलेली, करार असा की काम झालं की परत करा नाहीतर नष्ट करा. परत नेणं परवडणारं नव्हतं, म्हणून ती मोडून टाकली, कुदळी घातल्या, इंजिनांत वाळू ओतली. स्वातंत्र्यानंतर हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्याच ढिगातून चाळीसच्या आसपास विमानं पुन्हा उभी केली. जमशेद मुन्शी नावाचे वैमानिक ती कानपूरहून बंगळूरला उडवत नेत. अशा स्थितीतलं विमान उडवणं म्हणजे काय असेल याची कल्पना करा! त्यांतली काही पुण्याला लोहगावला होती, समुद्रावर टेहळणीसाठी. १९६८ मध्ये ती निवृत्त झाली. आज इंग्लंड, अमेरिका, कॅनडातल्या संग्रहालयांत जी लिबरेटर दिसतात त्यांतली कित्येक भारतातून गेलेली आहेत. एक तर डग आर्नोल्ड नावाच्या ब्रिटिश संग्राहकाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सुटं करून मालवाहू विमानातून नेलं आणि पुढे अमेरिकेत एका संस्थेला विकलं. त्याच्या थोडं आधी, १९७० च्या दशकाच्या अखेरीस, हेडन-बेली या ब्रिटिश संग्राहकाने भारतातून पडीक स्पिटफायरही मिळवली होती.

कायदा काय करत होता? १९७२ चा पुरावस्तू आणि कलासंपदा कायदा आहे, पण त्यात वस्तू शंभर वर्षं जुनी लागते, हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर. १९४४ चं विमान २०४४ मध्ये पुरावस्तू होणार. म्हणजे वस्तू नकोशी होण्याचा जो काळ, साधारण तिसाव्या वर्षापासून ऐंशीव्या वर्षापर्यंतचा, त्या काळात तिला कुणी वाली नाही. त्या काळात तिला वाचवतो तो फक्त एखादा वेडा माणूस. तो परदेशी असला म्हणून आम्हाला त्याचा राग येत नाही. आपल्या विमानतळांवर गवतात पडलेलं त्यांनी उचललं नसतं तर ते भांड्यांच्या रूपाने आपल्या ओट्यावर आलं असतं.

हे आम्ही थट्टेने म्हणत नाही. आपली विक्रांत युद्धनौका १९६१ मध्ये नौदलात आली, १९७१ च्या युद्धात लढली, १९९७ मध्ये निवृत्त झाली, नंतर काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. सांभाळायचा खर्च कुणी उचलेना. २०१४ मध्ये साठ कोटींच्या आसपास रकमेला ती भंगारात गेली आणि दारूखान्याला तोडली गेली. तिच्या पोलादाचा काही भाग एका मोटारसायकल कंपनीने घेतला आणि तो गाडीच्या इंधनटाकीत वापरल्याची जाहिरात केली. २०२२ मध्ये नवी विक्रांत आली, तिला जुन्या बोटीचं नाव दिलं. आता मिलिंदाला विचारा, विक्रांत कुठे आहे? कुणाच्या मोटारसायकलच्या टाकीत, की कोचीत बांधलेल्या बोटीच्या नावात? कल्याणला दुर्गाडीपाशी नौदलाची टी-८० ही निवृत्त नौका आणून ठेवली आहे, ती पाहायला जाल तेव्हा एवढंच बघा, की तिच्या देखभालीचा खर्च कुणाच्या नावावर आहे.

दुसरा प्रश्न मालकीचा. पंचेचाळीस वर्षं विमान गोदामात कुलूपबंद ठेवणाऱ्याला संग्राहक म्हणायचं का? आमचं मत स्पष्ट आहे. जो वस्तू जपतो, ओळखतो आणि दुसऱ्याला दाखवतो तो संग्राहक. नुसता जमवतो तो साठेबाज. एडवर्ड्स दोहोंच्या मधे कुठेतरी होता. त्याने ती मोडीत घातली नाहीत हे त्याचं पुण्य, पण दोन पिढ्यांना ती दिसली नाहीत. याच्याशेजारी पुण्याचे दिनकर केळकर ठेवून पाहा. 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहिणारा हा माणूस, चष्म्यांचा धंदा करणारा. अडकित्ते, दिवे, वाद्यं, दौती, दारांच्या चौकटी असं वीस हजारांवर गोळा केलं, लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला दिलं आणि सगळं शासनाच्या हाती सोपवलं. गांधीजींच्या शब्दात सांगायचं तर ते विश्वस्त झाले.

पण केळकरांचं उदाहरण देऊन विकणाऱ्याला नावं ठेवू नका, अशी आमची विनंती आहे. दान द्यायला घेणारा लागतो. अडकित्त्याला कपाट पुरतं, विमानाला गोदाम, तंत्रज्ञ आणि दरवर्षीचा खर्च लागतो. मर्लिनसारखं बारा सिलिंडरचं, सत्तावीस लिटरचं इंजिन ठराविक तासांनंतर पूर्ण उघडावंच लागतं, आणि ते उघडू जाणणारी माणसं थोडी. जो माणूस एवढी मोठी रक्कम मोजतो तो सहसा वस्तू सडू देत नाही. एडवर्ड्सचं ते दोन आसनी बुचोन आज इंग्लंडमध्ये उडतं. संग्रह फुटला हे वाईट झालं, पण विमान उडालं. आम्हाला विचाराल तर त्याने विकलं हे योग्य केलं, वीस वर्षं आधी विकायला हवं होतं.

इथे दोन श्रोत्यांनी प्रश्न विचारले, ते थोडक्यात नोंदवतो.

पहिला प्रश्न होता नेवाळीबद्दल. कल्याणजवळ, मलंगगडाच्या वाटेवर दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी धावपट्टी बांधली, हे खरं. तिथली विमानं केव्हाच गेली. जमीन मात्र संरक्षण खात्याकडे राहिली आणि युद्धापुरती घेतलेली आमची शेतं परत द्या, असं गावकरी आजही म्हणतात. जून २०१७ मध्ये त्यावरून मोठं, हिंसक आंदोलन झालं. आम्ही जाळपोळीचं समर्थन करत नाही. पण युद्धाच्या वस्तू लिलावात निघतात तेव्हा कागद शोधले जातात, क्रमांक जुळवले जातात. शेतकऱ्याच्या सातबाऱ्यासाठी तेवढी चिकाटी कुणी दाखवत नाही, ही तक्रार आम्हाला रास्त वाटते.

दुसरा प्रश्न एका बाईंचा. यजमानांनी जमवलेल्या ग्रामोफोनच्या दोनशे तबकड्या घरी आहेत, मुलगा परदेशात, तो म्हणतो टाकून दे. काय करावं? विकायचं की द्यायचं ते नंतर ठरवा. आधी वही घ्या. गाणाऱ्याचं नाव, तबकडीवर छापलेला क्रमांक, कुठून आणली, कुणी दिली, हे तुमच्या हाताने लिहा. यादी नसलेली पेटी रद्दीवाल्याकडे जाते, यादी असलेली पेटी विचारणाऱ्याच्या घरी जाते. रोज दहा तबकड्या घेतल्या तर वीस दिवसांचं काम आहे, आणि प्रत्येकीची एक बाजू ऐकत केलंत तर महिनाभराचं.